सहा कपांचं मशीन, बोअरचं पाणी आणि चिकोरी: एका कॉफी मेकरचं पूर्ण प्रकरण

मशीन नवीन होतं तेव्हा कॉफी पांचट यायची आणि कधीकधी वरच्या टोपलीतून उतू जायची, चार-पाच महिन्यांनी ते हळू चालायला लागलं आणि ऐन मे महिन्यात बंदच पडलं. सर्व्हिस सेंटरनं एका ओळीत निकाल दिला, पाण्यामुळं खराब झालंय, वॉरंटीत बसत नाही, रिपेअरचे पैसे भरावे लागतील. जुळे सोलापुरात माझं मिक्सर, गीझर, इस्त्री रिपेरिंगचं दुकान आहे आणि असे कॉफी मेकर आता बऱ्यापैकी येतात, तक्रारी पण जवळपास त्याच त्याच असतात, म्हणून हे एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे सगळं कुठल्याही कंपनीच्या साध्या ड्रिप मशीनला, म्हणजे पावडरवर गरम पाणी ठिबकवून कॉफी करणाऱ्या मशीनला, लागू होतं.

घर विजापूर रोडच्या बाजूचं. मशीनचे मालक सर रिटायर्ड शिक्षक, आणि त्यांच्या बायकोचं, अक्कांचं, माहेर विजापूरकडचं, त्यामुळं घरात चहाइतकीच फिल्टर कॉफी चालते. सोलापुरात कन्नड आणि तेलुगू घरं भरपूर आहेत, पितळी नाहीतर स्टीलचा फिल्टर बऱ्याच स्वयंपाकघरांत असतो, तसा अक्कांकडे पण आहे. पण दोन-तीन वर्षांपासून त्यांच्या मनगटाचं दुखणं वाढलं, फिल्टरचं वरचं भांडं घट्ट बसलं की त्यांना ते सुटेना, रोज सकाळी सरांना हाक मारायला लागायची. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं हे बघितलं आणि दिवाळीत ऑनलाइन कॉफी मेकर मागवून पाठवला, सहा कपांचा, ६५० वॅटचा, काचेचा जग आणि खाली गरम प्लेट असलेला. हौस म्हणून घेतलेली वस्तू नव्हती ती, आईच्या हाताला आराम मिळावा म्हणून घेतलेली, आणि म्हणूनच ती बंद पडल्यावर सरांना जास्त लागलं.

पहिल्या आठवड्यातच अक्कांनी मुलाला फोनवर सांगितलं, "ह्यात डिकाशन कुठं हाय रे, नुसतं रंगाचं पाणी येतंय की." ही तक्रार मी इतक्या गिऱ्हाइकांकडून ऐकलीय की आधी ती नीट सोडवून सांगतो.

ड्रिप मशीन हे डिकॉक्शन, म्हणजे दुधात घालायचा कॉफीचा घट्ट अर्क, करणारं मशीन नाहीच. पितळी फिल्टरमध्ये आपण तीन-चार चमचे पावडर घालून वर अर्धा-पाऊण कप उकळतं पाणी ओततो, ते पंधरा-वीस मिनिटं थेंब थेंब खाली उतरतं, त्यामुळं जे येतं ते घट्ट असतं आणि कपात थोडंसं घालून वर भरपूर दूध ओतलं तरी चव राहते. ड्रिप मशीन ज्या देशांत तयार झालं तिथं लोक कोरी कॉफी मोठ्या मगभर पितात. जर्मनीत १९५४ साली विगोमॅट नावाचं पहिलं विजेचं ड्रिप मशीन आलं तेव्हापासून ह्याचा हिशोब तोच आहे, एक लिटर पाण्याला साधारण ५५ ते ६० ग्रॅम पावडर आणि दूध अगदी थोडं किंवा नाहीच. म्हणजे टाकी सहा कपांच्या खुणेपर्यंत, ६०० मिली भरली तर ३५ ग्रॅमच्या आसपास पावडर पाहिजे, चांगले पाच-सहा मोठे चमचे. अक्का घालत होत्या तीन लहान चमचे, कारण फिल्टरला तेवढेच घालायची सवय, आणि वरून त्यात निम्मं दूध. पांचट होणारच. बरं ते सहा कप म्हणजे आपले मोठे कप नव्हेत, मशीनवरचा कप शंभर-सव्वाशे मिलीचा असतो, त्यामुळं "सहा कप लिहिलंय आणि तिघांनाच पुरतंय" ही पण एक ठरलेली तक्रार. बॉक्सवर मोठ्या अक्षरात कप छापतात, मिली बारीक अक्षरात. हे बरोबर नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आता उतू जाण्याचं. सर नवी पेठेतल्या एका दुकानातून वर्षानुवर्षं पावडर आणतात, समोर दळून देतात, चिकोरी (एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ) घातलेली आणि एकदम बारीक. फिल्टरसाठी ती उत्तम. चिकोरी मिसळायची पद्धतच त्यासाठी, ती पाणी धरून ठेवते, खाली उतरायला वेळ लावते, म्हणून डिकॉक्शन दाट आणि काळंभोर येतं. नियमानं कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर लिहायला लागतं, पण सुटी घेतली तर दुकानदार सांगेल तेच प्रमाण. हीच पावडर ड्रिप मशीनच्या नायलॉन जाळीत घातली की काय होतं ते मी झाकण उघडून बघितलं. तळाला पावडरचा ओला चिकट थर जाळीला लिंपल्यासारखा बसला होता, त्याच्यावर दोन बोटं पाणी तसंच तुंबून उभं, वरून गरम पाणी पडतच होतं आणि ते टोपलीच्या कडेवरून बाजूनं खाली येत होतं, सोबत कच्ची पावडर घेऊन, आणि गरम प्लेटवर पडून जळत होतं. मशीनला कळत नाही की खाली पाणी उतरत नाहीये. त्याच्या टाकीतलं संपेपर्यंत ते वर ढकलत राहतं.

गिऱ्हाईक म्हणतं मशीन लीक आहे. लीक काहीच नसतं.

मार्चपासून दुसरा त्रास सुरू झाला आणि इथं खरी गुंतागुंत झाली, कारण दोन वेगळे दोष एकाच तक्रारीत मिसळले गेले. आधी मशीन सात-आठ मिनिटांत काम आटपायचं, आता वीस मिनिटं घ्यायला लागलं, गुरगुर आवाज खूप, वाफ जास्त आणि पाणी कमी. अक्कांना वाटलं पावडरच अडकतीय, त्यांनी टोपली आणि जाळी रोज घासायला सुरुवात केली. सरांनी कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडच्या मुलीनं हिंदीत सांगितलं की डिस्केल करा, म्हणजे काय करायचं हे विचारल्यावर म्हणाली सफाई करा. डिस्केल म्हणजे आत धरलेला चुना काढणं, पण ते कळलं नाही म्हणून ह्यांनी अजून घासलं. बाहेरून. जग, झाकण, प्लेट सगळं लख्ख, आणि दोष होता आतल्या नळीत, जिथं हात जातच नाही.

आत काय असतं ते सांगतो, कारण ते कळलं की अर्ध्या तक्रारी आपोआप सुटतात. ह्या मशीनमध्ये पंप नसतो, लोकांना वाटतं असतो. टाकीतलं पाणी स्वतःच्या वजनानं खाली एका नळीत उतरतं, मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो जो पाणी मागं जाऊ देत नाही. गरम प्लेटच्या खाली घोड्याच्या नालेच्या आकाराची ॲल्युमिनियमची नळी आणि तिला चिकटूनच हीटिंग एलिमेंट. पाणी तिथं उकळायला लागलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि ते बुडबुडेच गरम पाण्याला दुसऱ्या नळीतून वर ढकलतात, वरून ते पावडरवर पडतं. प्लेट गरम ठेवणारं एलिमेंट आणि पाणी उकळणारं एलिमेंट एकच. जास्त तापलं तर थर्मोस्टॅट बंद करतो, गार झालं की परत चालू, आणि थर्मोस्टॅटनं पण आवरलं नाही तर थर्मल फ्यूज उडतो, तो एकदा उडाला की परत जुळत नाही, बदलायलाच लागतो.

आता ह्या नळीतून रोज बोअरचं पाणी गेलं तर? सोलापूरला उजनी धरणाचं पाणी येतं पण काही दिवसांआड, उन्हाळ्यात त्याचा पण भरवसा नसतो, त्यामुळं घरोघरी नळाचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला राखून ठेवतात आणि बाकी सगळं बोअरवर. अक्कांनी पण तेच केलं. मशीनला टाकी भरून पाणी लागतं, प्यायचं पाणी कशाला घालवायचं, शिवाय उकळतंयच ना, म्हणून हिवाळ्यानंतर त्या मशीनमध्ये बोअरचं पाणी घालायला लागल्या. सोलापुरातल्या कुठल्याही बाईनं हाच विचार केला असता आणि त्यात अक्कांची चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या बोअरचं पाणी माझ्या मीटरवर हजाराच्या वर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचं प्रमाण, दाखवत होतं. टीडीएस म्हणजे पाण्याचा जडपणा नव्हे हे खरं, मीठ पण त्यात मोजलं जातं, पण साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरे डाग पडतात म्हणल्यावर वेगळी टेस्ट करायची गरज नव्हती. असं पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना घट्ट होऊन भांड्याला धरतो. गीझरच्या रॉडवर जो पांढरा जाड थर असतो तोच, फक्त इथं नळी करंगळीएवढी पण नाही.

थर बसला की दोन गोष्टी एकदम होतात. वाट अरुंद होते, म्हणून पाणी हळू. आणि चुन्याचा थर उष्णता पलीकडं जाऊ देत नाही, म्हणून एलिमेंट तापतं पण पाणी तापत नाही, थर्मोस्टॅट सारखा तोडतो-जोडतो, टक टक आवाज येतो, आणि एक दिवस फ्यूज जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आय एस १०५०० मध्ये, जडपणाची योग्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा सोर्स नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं आहे. पण प्यायला चालतं म्हणजे मशीनला चालतं असं नाही. २०० च्या आतलं पाणी पण रोज उकळलं तर थर धरतोच, फक्त वेळ लागतो.

मे मध्ये मशीन पूर्ण बंद पडलं. सर ते घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले, तिथल्या पोरानं झाकण उघडून वरच्या भोकांभोवतीचा पांढरा थर दाखवला आणि म्हणाला पाण्याचा प्रॉब्लेम, वॉरंटी नाही. दुसरं म्हणाला बिल मुलाच्या नावावर आहे, त्यालाच तक्रार करायला लागेल. सर तिथनं मशीन पिशवीत घालून तसेच माझ्याकडं आले. "पैशाचं काही नाही ओ," म्हणाले, "पण आम्ही काय वापरायचं चुकलो हे तर कुणी सांगावं की नाही?"

मी मशीन उघडलं नाही. वॉरंटीत असलेली वस्तू बाहेर उघडली की कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं, हे गिऱ्हाइकानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. न उघडता एवढं करता येतं, प्लग सॉकेटमधून काढून, मशीनचा स्विच ऑन करून प्लगच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावायचा. ६५० वॅटच्या मशीनला साधारण ८० ओहम दिसायला पाहिजेत. इथं काहीच दिसत नव्हतं, सर्किट तुटलेलं, आणि आधीची सगळी लक्षणं बघता थर्मल फ्यूजच गेला असणार हे उघड होतं. तो पार्ट तसा फार महाग नसतो.

मग आम्ही बसून तक्रार लिहिली. पाण्यामुळं चुना धरला ही कंपनीची गोष्ट खरी होती, ती नाकारण्यात अर्थ नव्हता, तो काही बनवण्यातला दोष नव्हे. आमचा मुद्दा वेगळा होता. माहितीपुस्तक इंग्रजीत, त्यात शेवटच्या पानावर वेळोवेळी डिस्केल करा एवढीच ओळ, किती दिवसांनी, कशानं, कुठलं पाणी चालत नाही ह्यातलं काही नाही. आणि मशीन हळू झाल्यावर फ्यूज जायच्या दोन महिने आधी गिऱ्हाइकानं स्वतः फोन केला होता, तेव्हा नीट सांगितलं असतं तर फ्यूज गेलाच नसता. त्या फोनची तारीख सरांच्या मोबाईलमध्ये होती, ती लिहिली. त्यांच्या मुलानं इंटरनेटवर कलम ८४ वाचलं होतं, त्यात अपुऱ्या सूचनांसाठी उत्पादक जबाबदार असं आहे, ते टाकू म्हणाला, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात त्या कलमासाठीच्या हानीमध्ये वस्तूचं स्वतःचं नुकसान धरत नाहीत, कुणाला भाजलं किंवा दुसरं काही जळलं तर ते लागू होतं. म्हणून ते सोडलं आणि साधी सेवेतली त्रुटी एवढंच धरलं. बिलाच्या नावाचं म्हणाल तर त्याच कायद्यात विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणारा पण ग्राहकच असतो, त्यामुळं तक्रार अक्कांच्या नावानं केली, बिल मुलाचं जोडलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोनवर मराठीत बोलता येतं. हे कोर्ट नाही, ते फक्त तक्रार कंपनीकडं पोचवतात आणि उत्तर मागतात, पण कंपनीचा वरचा माणूस तिथं बघतो, काउंटरवरचा पोरगा नाही. कंपनीनं उत्तर दिलं की चूक मान्य नाही पण एकदा फुकट रिपेअर करून देतो. आम्ही ते घेतलं.

आणि मशीन परत आलं तर हळूच. त्यांनी फ्यूज बदलला, नळीतला चुना तसाच! म्हणजे ज्या कारणामुळं फ्यूज गेला ते कारण आत ठेवून वस्तू परत दिली, दोन महिन्यांत परत तेच झालं असतं आणि तेव्हा फुकट कुणी केलं नसतं. मला ह्या सगळ्या प्रकरणात राग आला तो इथं. कारण सर्व्हिस सेंटरच्या त्याच पोरानं तो थर स्वतः दाखवला होता.

मग दुकानात साधी पाण्याची टेस्ट केली, आणि कॉफी मेकर घरात असलेल्या प्रत्येकानं ती करावी. पावडर न घालता, टोपली रिकामी ठेवून, नुसतं टाकीभर पाणी चालवायचं आणि वेळ बघायची. ६०० मिली पाणी ६५० वॅटला हिशोबानं चार-साडेचार मिनिटांत तापतं, इकडं तिकडं उष्णता जाते म्हणून सहा ते आठ मिनिटं धरा. नुसतं पाणी वेळेत उतरलं पण पावडर घातल्यावर तुंबलं तर दोष पावडरचा. नुसतं पाणीच रेंगाळलं तर दोष नळीचा. सरांचं मशीन नुसत्या पाण्याला वीस मिनिटांच्या वर गेलं, म्हणजे शंकाच नाही.

चुना काढायला किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व, ढोकळ्याला घालतो तेच. टाकीभर पाण्यात एक मोठा चमचा विरघळवायचं, मशीन चालू करायचं, निम्मं पाणी वर आलं की बंद करून अर्धा तास तसंच ठेवायचं, मग उरलेलं चालवायचं. काचेच्या जगमध्ये जे पाणी आलं ते गढूळ होतं आणि तळाला पांढरे कण, काही कण तर पापुद्र्यासारखे चपटे, नळीच्या आतून सुटून आलेले. जास्त थर होता म्हणून परत एकदा तेच केलं, नंतर नुसतं पाणी दोन-तीनदा. व्हिनेगर पण चालतं पण वास लवकर जात नाही आणि अक्कांना तो आवडला नसता. रात्रभर मात्र आम्ल भिजत ठेवू नका, नळी ॲल्युमिनियमची आहे. तारेनं खरवडू पण नका. आणि काही लोक टाकीत दूध घालतात, थेट दुधाची कॉफी येईल म्हणून, ते तर कधीच नको, दूध त्या नळीत करपतं, वास धरतो आणि मग मशीन टाकूनच द्यावं लागतं.

ह्यानंतर त्याच मशीननं नुसतं पाणी सात मिनिटांत उतरवलं. आणि जुनी पावडर घालून बघितली तर परत तुंबलं, म्हणजे दोन दोष स्वच्छ वेगळे दिसले, एक मार्चपासूनचा आणि एक पहिल्या दिवसापासूनचा.

गीझर घ्यायला सोलापुरात कुठल्याही दुकानात जा, दुकानदार आधी विचारतो बोअरचं पाणी आहे का, आणि त्याप्रमाणं टाकी सुचवतो. मग कॉफी मेकर विकताना, निदान कस्टमर केअरवर हळू चालतंय म्हणून फोन आल्यावर, पाणी कुठलं आणि पावडर कुठली हे दोन प्रश्न विचारायला काय अडचण आहे? मराठीत एक पानाचा कागद बॉक्समध्ये घातला असता तर अक्कांचा सगळा उन्हाळा वाचला असता. तसं पत्र सरांनी कंपनीला स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवलंय, ह्या सगळ्या माहितीसकट.

आता घरात मशीनला वॉटर प्युरिफायरचं पाणी घालतात, मीटरवर टीडीएस दीडशेच्या आसपास, कॉफीच्या चवीला पण तेवढं ठीक असतं. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व. पावडर त्याच दुकानातून पण वेगळी, चिकोरी न घातलेली आणि रव्याएवढी जाडसर दळलेली, दुकानदाराला दोनदा सांगायला लागलं. टाकी तीन कपांच्या खुणेपर्यंतच भरतात, पावडर पाच मोठे चमचे, त्यामुळं बऱ्यापैकी दाट येते आणि गरम दूध वेगळं घालता येतं. फ्रिजमधलं दूध घातलं की कॉफी गार होते आणि दोष मशीनला लागतो, ते पण थांबलं. गरम प्लेटवर अर्ध्या तासाच्या वर ठेवत नाहीत, कडू होते. अक्का म्हणतात फिल्टरच्या डिकाशनची बरोबरी नाहीच, आणि ते खरंच आहे, ती चव ह्या मशीनमधनं येणार नाही, कुणी विकणारा तसं म्हणत असेल तर ऐकू नका. पण सकाळी सरांना हाक मारायला लागत नाही.

ज्यांचं असंच प्रकरण चालू असेल त्यांच्यासाठी एवढं सांगतो, बिल, वॉरंटी कार्ड, कस्टमर केअरच्या फोनच्या तारखा आणि मशीन हळू चालतानाचा एक छोटा व्हिडिओ जपून ठेवा. हेल्पलाइनवर नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, विकणारा बंगळुरूचा असो नाहीतर दिल्लीचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे सोलापुरातच तक्रार दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करायला लागते.